ट्रेकला न्यायचा एचएफ सेट: वॅट किती हवेत आणि सोयी कोणत्या?

रानवाटा

नमस्कार मंडळी,

हौशी (हॅम) रेडिओची, म्हणजे एएसओसीची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झाले, परवाना हातात आलाय, व्हीयू३ ने सुरू होणारी कॉलसाइन (हवेवरचं नाव) मिळालीय. आतापर्यंत व्हीएचएफ हँडसेटवर नाशिकच्या हॅम मंडळींशी गप्पा मारत होते. आता एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ, लांब पोहोचणाऱ्या लहरी) यायचंय, पण घरात टेबलावर सेट मांडून नाही. सोसायटीच्या गच्चीवर तार बांधायला सेक्रेटरींची ना आहे. बाल्कनीत रेडिओ लावला तर इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांची खरखर इतकी, की तिच्यामागे कुणी बोलतंय का हेही कळत नाही. म्हणून सेट सॅकमध्ये टाकून अंजनेरी, कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड अशा ठिकाणी न्यायचा विचार आहे.

बोलणं मुख्यतः एसएसबीवर, म्हणजे आवाजाने. मोर्स शिकतेय, वरच्या जनरल ग्रेडला लागेलच. यादीत सध्या चार सेट आहेत: यासूचा जुना एफटी-८१८ (६ वॅट), आयकॉमचा आयसी-७०५ (१० वॅट), शेगू जी९० (२० वॅट) आणि यासू एफटी-८९१ (१०० वॅट). जो भेटतो तो वेगळा आकडा सांगतो. एक काका म्हणाले, "५ वॅटमध्ये जग पालथं घालता येतं." दुसरे म्हणाले, "१०० पेक्षा कमी घेशील तर पस्तावशील." मला पाण्याच्या दोन बाटल्या आणि डबाही न्यायचाय हे दोघांनी विचारलं नाही.

तर सांगा, वॅट किती? आणि कोणत्या सोयींसाठी जास्तीचे पैसे मोजावेत?

खरखर

आधी हिशोब, मग सेट.

५ आणि १०० यांत वीस पटींचा फरक दिसतो, पण पलीकडच्या माणसाच्या एस-मीटरला (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) पटी कळत नाहीत, डेसिबल कळतात. वीस पट म्हणजे १३ डेसिबल. एस-मीटरवरचं एक घर ६ डेसिबलचं धरतात, म्हणजे ५ आणि १०० मध्ये दोन घरांचा आणि वर किंचित एवढाच फरक. ५ चे १० केले की अर्धं घर. १० चे २० केले की आणखी अर्धं. २० वरून थेट १०० वर गेलात तर एक घर आणि थोडं.

एवढं वाचून क्यूआरपीवाले (कमी वॅटवर बोलणारे) म्हणतात, बघा, ५ पुरतात. मला ते पटत नाही. ती दोन घरं कुठली आहेत ते बघायला हवं. १०० वॅटने तुम्ही एखाद्याकडे एस९ ने पोहोचत असाल, तर ५ वॅटने एस७ च्या आसपास पोहोचाल. तो माणूस सांगलीजवळच्या मळ्यात बसलाय, त्याच्याकडे नॉइज एस३ आहे, तर त्याला फरक जाणवणारसुद्धा नाही. तोच माणूस ठाण्यात चौथ्या मजल्यावर आहे आणि त्याच्याकडे नॉइज एस७ आहे, तर तुम्ही बुडालात. तुम्ही डोंगरावर शांततेत बसणार, तुम्हाला सगळे छान ऐकू येतील. तुम्हाला मात्र कुणी ऐकणार नाही आणि तुम्ही सेटला दोष द्याल.

युरोपातले डोंगरावरचे व्हिडिओ बघून ५ वॅट ठरवू नका. 'समिट्स ऑन द एअर' हा प्रकार २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. तिकडे शिखरावरून वारंवारता जाहीर केली की घरी चांगल्या अँटेना लावून बसलेले लोक तुम्हाला मुद्दाम शोधत येतात, कान टवकारून ऐकतात. आपल्याकडे ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) सकाळी जी मंडळी भेटतात ती चहा घेता घेता रेडिओ नेटवर, म्हणजे ठरल्या वेळेच्या गप्पांना आलेली असतात. त्यांनी तुमच्यासाठी कष्ट घ्यावेत ही अपेक्षा धरू नका.

एसएसबी असेल तर १० वॅट ही खालची मर्यादा आणि २० आरामाचे. माझं मत.

डिट_डाह

खरखर यांचा हिशोब बरोबर, निष्कर्ष एसएसबीपुरता. मोर्समध्ये उतरलात की चित्रच बदलतं. आवाजाला २४०० हर्ट्झचा फिल्टर लागतो, मोर्सला ५०० पुरतो. नुसत्या त्या अरुंद फिल्टरमुळे ऐकणाऱ्याकडचा नॉइज जवळपास ७ डेसिबलने उतरतो. म्हणजे ५ वॅटचा मोर्स ऐकायला २५ वॅटच्या आवाजाइतका सोपा, आणि सराव झालेला कान यावर आणखी बरंच काढतो. एलेक्राफ्ट केएक्स२ बघा, बॅटरी सोडून ४०० ग्रॅमच्या आत, ऐकताना १३५ मिलीॲम्पिअर.

रानवाटा ताई, जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स लागतो, तो तुम्ही शिकणारच आहात. मग सेट त्याच हिशोबाने घ्या ना! फक्त परवान्यावर कोणते एमिशन (प्रक्षेपणाचे प्रकार) लिहिलेत ते एकदा बघा. ए१ए म्हणजे मोर्स, जे३ई म्हणजे एसएसबी.

रानवाटा

@डिट_डाह, मिनिटाला ८ शब्द आणि तेही परीक्षेच्या हॉलमध्ये. कड्यावर वाऱ्यात बसून मला ते जमेल तेव्हा जमेल. पहिली दोन वर्षं आवाजच धरा.

बारा_व्होल्ट

वॅटवर सगळे बोलतात, ॲम्पिअरवर कुणी बोलत नाही. पाठीवर ॲम्पिअर-अवर वाहायचे असतात.

एफटी-८९१ चं वजन १.९ किलो. शंभर वॅटच्या सेटमध्ये हे कौतुकास्पद आहे, पण पूर्ण पॉवरला तो वीस ॲम्पिअरच्या वर मागतो. तुम्ही व्हीयू३, एचएफवर मर्यादा ५० वॅटची, म्हणजे निम्मी पॉवर तुम्ही कायद्यानेच वापरणार नाही. आणि पॉवर निम्मी केली म्हणून करंट निम्मा होत नाही. असा सेट ५ वॅटवर आणलात तरी फायनल ट्रान्झिस्टरचा बायस आणि बाकीचं सर्किट आपला वाटा घेतंच. शिवाय नुसतं ऐकायलाच एक ॲम्पिअरच्या आसपास. चार तास डोंगरावर बसलात तर एक शब्द न बोलता ४ ॲम्पिअर-अवर संपले.

जी९० ऐकताना साधारण अर्धा ॲम्पिअर घेतो. चार तासांचे २ ॲम्पिअर-अवर. बोलताना २० वॅट एसएसबीला सरासरी ३ धरा, आणि सगळं मिळून तासभर तुम्ही स्वतः बोललात तर आणखी ३. म्हणजे ६ ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते, वजन पाऊण किलोच्या आसपास. ८९१ साठी १२ ची लागेल, म्हणजे दीड किलो. दोन्हीकडचा सेट अधिक बॅटरी असा हिशोब केलात तर दीड किलोहून जास्त फरक पडतो. कळसूबाईच्या शिड्यांवर ते दीड किलो कुठे असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

बॅटरी फॉस्फेटचीच घ्या, चार सेलची. १२.८ व्होल्टची म्हणतात, पण बराच वेळ १३ च्या आसपास टिकून राहते, आणि सेटला १३.८ लागतात तेव्हा हे महत्त्वाचं. तीन सेलच्या साध्या लिथियम-आयनची भरलेली बॅटरीच १२.६ ची, मग घसरत जाते. १३.८ वर चालणारे मोठे सेट अर्ध्यात कुरकुर करायला लागतात. विमानाने नेणार असाल तर १०० वॅट-अवरच्या आतली ठेवा. ६ ॲम्पिअर-अवरची ७७ होते, चालून जाते.

पाचर

एक बाळबोध प्रश्न. एवढं सगळं कशाला? कळसूबाई १६४६ मीटर. रेडिओ क्षितिज १६५ किलोमीटरच्या आसपास येतं. पुणे, ठाणे दोन्ही त्याच्या आत. हातातल्या ५ वॅटच्या एफएम सेटवर माथ्यावरून कागदावर तरी एवढा सगळा टापू येतो. सेट मुठीत मावतो.

तारेवरची_कसरत

@पाचर, माथ्यावरून येतो. मुक्काम कुठे असतो? रतनवाडीत, पाचनईत, आंबोलीच्या बाजूला खाली. तिथे तुमच्या १४५ मेगाहर्ट्झला चारही बाजूंनी डोंगर. एचएफची गंमत तिथेच सुरू होते.

४० मीटरवर तार मुद्दाम खाली बांधली, साडेचार-पाच मीटरवर, की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि वातावरणातल्या वरच्या आयनोस्फिअर थरावरून खाली परतते. दरीत बसलेल्यालाही मिळते, चारशे किलोमीटरच्या परिघात सगळीकडे. मधे कितीही डोंगर असोत, त्यांचा संबंधच येत नाही. दिवसा हे उत्तम चालतं, रात्री ४० मीटर लांबचा होतो आणि शेजारचा जिल्हा गायब होतो. रतनवाडीतून दुपारी नाशिक, पुणे, कोल्हापूरपर्यंत बोलायला १० वॅटही होतात, तार नीट असेल तर.

आणि ताई, तुमच्या यादीत चार सेट आहेत, अँटेना एकही नाही! पैसे आणि डोकं तिथे लावा. ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तार) म्हणजे सुमारे २० मीटर तार, दोन्ही बाजूंना दहा-दहा. मधोमध मासेमारीची घडीची काठी, सहा-सात मीटरची फायबरग्लासची (कार्बनची नको, ती वीज वाहते). उलटा व्ही करून दोन्ही टोकं दोरीने झुडपांना किंवा दगडांना. एका टोकाने फीड करायची (केबल जोडायची) तर तीच २० मीटर तार आणि ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ४०, २०, १५ आणि १० मीटर चारही बँड ट्यूनरशिवाय (तार सेटशी जुळवून देणाऱ्या यंत्रणेशिवाय) मिळतात. सगळं मिळून अर्धा किलो, काठी वेगळी.

याउलट दीड मीटरची व्हिप (उभ्या काडीची अँटेना) ४० मीटरवर लावलीत तर कार्यक्षमता एक आकडी टक्क्यांत. १०० वॅट देऊन हवेत जातात पाच-सात, बाकीचे कॉइल आणि जमीन गरम करतात. लोक पॉवर वाढवत बसतात आणि तार बांधायचा कंटाळा करतात, हे माझं जुनं दुखणं आहे.

सह्याद्रीत माथ्यावर झाडं नसतात, गवत आणि कारवी. त्यामुळे काठी रोवायला दगडांचा ढीग आणि तीन ताण-दोऱ्या हव्यातच. किल्ल्याच्या तटबंदीत खुंटी ठोकू नका, ते स्मारक आहे. झाडावर किंवा कड्यावर तार फेकायच्या आधी वर बघा. आग्या मोहोळ असेल तर एसडब्ल्यूआर (तार सेटशी किती जुळली) मोजायची वेळ येणार नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळवाचे ढग दिसले की काठी आडवी करायची आणि खाली निघायचं, मधे कुठलाही क्यूएसओ (संवाद) असो.

पाचर

'एवढं सगळं कशाला' मागे घेतो. वाचतोय.

बटणबहाद्दर

सोयींबद्दल कुणी बोललं नाही, मी बोलतो. ७०५ माझ्याकडे आहे, जी९० मित्राकडे वापरलाय.

७०५ म्हणजे लाडका सेट. स्क्रीनवर धबधब्यासारखा दिसणारा स्पेक्ट्रम, जीपीएस, ब्लूटूथ, वायफाय, एचएफपासून ७० सेंटीमीटरपर्यंत सगळे बँड, व्हीएचएफवर एसएसबीसुद्धा. पाठीला त्याची बॅटरी लावली तर ५ वॅट, बाहेरून १३.८ व्होल्ट दिले तर १०. बॅटरीसकट साधारण १.१ किलो. लॅपटॉपला एकच यूएसबी केबल आणि एफटी८ (संगणकावरून चालणारा डिजिटल प्रकार) सुरू. पण आत अँटेना ट्यूनर नाही, वेगळा घ्यावा लागतो. तारेवरची ताई म्हणतात तशी जुळवलेली तार असेल तर लागत नाही, पण घाईत कुठेतरी आडवीतिडवी तार टाकायची असेल तर उणीव भासते.

जी९० त्याच्या किमतीत दोन येतील. ट्यूनर आतच, आणि तो हट्टी आहे, कपडे वाळत घालायची तारही जुळवून देईल. समोरचं तोंड वेगळं करता येतं. स्क्रीन बोटाएवढी, उन्हात दिसते हे महत्त्वाचं. व्हीएचएफ नाही, ६ मीटर नाही. डिजिटलसाठी बाहेरून इंटरफेस जोडावा लागतो. एफटी८ वर पॉवर निम्मी ठेवा. तिथे प्रत्येक फेरीत जवळपास १३ सेकंद सलग प्रक्षेपण चालतं, आणि एवढ्याशा डब्याला उष्णता बाहेर टाकायला जागा नाही.

८१८ आता बनत नाही, वापरलेला घ्यावा लागेल. मजबूत, ऐकताना काटकसरी, पण त्यात डीएसपी (खरखर गाळणारी डिजिटल यंत्रणा) नाही आणि अरुंद फिल्टर वेगळा बसवावा लागतो. व्हीएचएफ एसएसबीचं वेड असेल तर घ्या.

माझ्या मते एसएसबीवाल्याने सर्वात आधी स्पीच कॉम्प्रेसर बघावा. माणसाच्या आवाजाची सरासरी पॉवर शिखराच्या खूप खाली असते, कॉम्प्रेसर ती वर ओढतो. २० वॅटचा कॉम्प्रेस केलेला आवाज ४० वॅटच्या साध्या आवाजाशी टक्कर देतो, बॅटरी थोडी जास्त खातो एवढंच. मग ऐकतानाचा करंट. मग हातमोज्याने फिरवता येईल असा मोठा नॉब. आवाज साठवून ठेवणारा सेट असेल तर "सीक्यू सीक्यू" (कुणी आहे का) ओरडून घसा बसत नाही. स्पेक्ट्रम छान दिसतो, पण ४० मीटर आपल्याकडे ७.००० ते ७.२००, नॉब फिरवून दोन मिनिटांत पालथा होतो.

पावसाळ्यात यातला कुठलाही सेट बाहेर काढू नका. पाण्याचं भय नसलेले सेट आहेत, लॅब५९९ चा टीएक्स-५०० तसा आहे, पण ती वेगळी किंमत.

किल्लारीकर

सगळे २० वॅटवर एकमत करताहेत म्हणून मुद्दाम लिहितोय. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) आणि त्यांची तुकडी हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क त्यांच्या एचएफ सेटनी धरून ठेवला. अशा वेळी पलीकडे कोण ऐकतंय, त्याच्याकडे नॉइज किती, हे तुम्ही निवडू शकत नाही. म्हणून म्हणतो, १०० वॅटचा सेट घ्या आणि एरवी कमी करून वापरा. २० चे १०० करता येत नाहीत.

बारा_व्होल्ट

@किल्लारीकर, मुद्दा मान्य, पण ती मोहीम पाठीवर सेट घेऊन डोंगरावर चाललेली नव्हती. वीज गेल्यावर १०० वॅटचा सेट किती तास चालवाल? त्यासाठी गाडीची बॅटरी हवी, आणि गाडी असेल तर ८९१ ला माझा काहीच विरोध नाही. गाडीत तोच घ्या.

तारेवरची_कसरत

किल्लारीकर दादा, अंदमान-चेन्नई हे हजारावर किलोमीटर. आपल्याकडे दरड कोसळली, तळीये-इर्शाळवाडीसारखं काही झालं तर बोलायचं असतं जिल्ह्याच्या ठिकाणी, पन्नास-शंभर किलोमीटरवर. तिथे खाली बांधलेली तार आणि २० वॅट भरपूर. जिथे रस्ता वाहून गेलाय तिथे पोहोचणारा सेट तोच, जो कुणीतरी पाठीवर नेऊ शकतं.

किल्लारीकर

हे पटलं. तरी एक १०० वॅटचा सेट गावात कुणाकडे तरी असावा, एवढं म्हणून थांबतो.

सोल्डरगंध

अवांतर: विकत घेण्याआधी हैदराबादच्या अशहर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचं काम बघा. २००३ चा बिटएक्स२०, मग ४० मीटरचा बिटएक्स४०, मग २०१७ च्या अखेरीस आलेला मायक्रोबिटएक्स. सगळी सर्किट खुली, जगभर लोकांनी बांधली. मायक्रोबिटएक्स खालच्या बँडवर १० वॅटच्या आसपास देतो. बिघडला तर घाटात बसून का बिघडला हे कळतं, कारण आत काय आहे ते माहीत असतं. जी९० चं झाकण उघडलंत तर काय दिसणार आहे?

बटणबहाद्दर

@सोल्डरगंध, घाटात सोल्डरिंग गन कुठे लावणार?

सोल्डरगंध

यूएसबीवर चालणारी मिळते. चिडवा खुशाल.

नियमवाला

दोन गोष्टी, कंटाळवाण्या पण लिहाव्या लागतात. सेट विकत घेताना परवान्याची प्रत द्यावी लागते, तशी मागणाऱ्याकडूनच घ्या. ऑनलाइन वॉकीटॉकी सर्रास विकल्याबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्सवाल्यांना नोटिसा काढल्या होत्या. बाहेरून मागवायचा असेल तर आयातीची कागदपत्रं आधी, ऑर्डर नंतर. कस्टममध्ये अडकलेला सेट सोडवणं हा निराळाच छंद आहे.

दुसरं, परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. पत्त्याबाहेरून चालवण्याबद्दल तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचा, शंका असेल तर आधी लेखी विचारा. मूळ प्रत घरी, एक प्रत सॅकमध्ये. गडावर काठी आणि तार बघून कुणीतरी विचारणारच. वनखात्याचा माणूस असेल तर आधी नमस्कार, मग कागद, मग त्याला हेडफोन द्या.

खरखर

सूर्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. सौरचक्र २५ ची कमाल २०२४ मध्ये होऊन गेली. त्या काळात १० मीटरवर लोकांनी ५ वॅटमध्ये युरोप-जपान केले, आणि "५ पुरतात" ची बरीच साक्ष त्या वर्षांतली आहे. आता उतार सुरू झालाय, या दशकाच्या शेवटी वरचे बँड थंड पडतील. आज घेतलेला सेट तुम्ही तेव्हाही वापरणार. ४० आणि २० मीटरवरच जास्त वेळ जाणार, आणि तिथे आवाजाला थोडं अंग लागतं. २० वॅटच्या बाजूने हा माझा शेवटचा मुद्दा.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. ठरलं: जी९०, ६ ॲम्पिअर-अवरची फॉस्फेट बॅटरी, २० मीटर तार आणि ४९:१. मोर्सची की पुढच्या दिवाळीत, डिट_डाह यांच्या आग्रहाखातर. ७०५ बघून जीव जळतोय, पण उरलेल्या पैशांत चांगला तंबू येतो.

एकच शंका. कोॲक्स (सेटपासून अँटेनापर्यंतची केबल) कोणती? आरजी-१७४ हलकी आहे, दहा मीटरची गुंडाळी मुठीत मावते. चालेल का?

तारेवरची_कसरत

४० मीटरवर दहा मीटर आरजी-१७४ मध्ये साधारण एक डेसिबल जातो, म्हणजे २० पैकी चार वॅट वायरीत. १० मीटर बँडवर त्याच्या दुप्पट. आरजी-५८ मध्ये निम्म्याहून कमी जातात, पण ती जाड आणि जड. तुम्ही काठीच्या पायथ्याशीच बसणार आहात ना? मग तार एका टोकाने फीड करा, ट्रान्सफॉर्मर खाली ठेवा, आणि आरजी-१७४ पाचच मीटर घ्या.

बारा_व्होल्ट

आणि बॅटरीच्या लाल वायरीवर, टर्मिनलच्या अगदी जवळ, १० ॲम्पिअरचा फ्यूज. सेटच्या टोकाला नाही, बॅटरीच्या टोकाला. सॅकमध्ये वायर चेपली तर जळणारा भाग तो असतो.